तीन महिन्यांचा कागद आणि विजेचें काम
(पवनी येथें पालक व तरुण मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



मुलगा दहावी होऊन घरीं बसला आहे. धानाची शेती भावाभावांत वांटून एक-दीड एकरावर आली आहे. अशा वेळीं कोणी दारीं येऊन म्हणतो, "तीन महिन्यांत तुमच्या पोराला इलेक्ट्रिशियन करून देतों." बापानें काय करावें? हा प्रश्न घेऊन पुष्कळ पालक आमच्याकडे शाळेंत येतात. त्याचा आज नीट विचार करूं.

प्रथम हे वर्ग काय आहेत तें पाहूं. २०१५ सालीं केंद्र सरकारनें प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू केली. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं आपल्या राज्यांत ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचें उद्घाटन झालें. अशा ठिकाणीं थोड्या मुदतीचे वर्ग भरतात. दुसरीकडे १९५० पासून चालत आलेलें आय.टी.आय.चें शिक्षण आहे. तेथें इलेक्ट्रिशियनचा अभ्यास पूर्ण दोन वर्षांचा आहे. मग दोन वर्षांचें काम तीन महिन्यांत कसें मावतें? तें मावत नाहींच, आणि सरकारही तसें म्हणत नाहीं. थोड्या मुदतीच्या अभ्यासांचीं सरकारी नांवें 'हेल्पर इलेक्ट्रिशियन' आणि 'असिस्टंट इलेक्ट्रिशियन' अशीं आहेत. मदतनीस हा शब्द गाळून इलेक्ट्रिशियन तेवढा ठेवतो तो मधला दलाल!

या वर्गांची आम्ही निंदा करीत नाहीं. चांगल्या शिक्षकापाशीं तीन महिन्यांत मुलगा पुष्कळ शिकतो. मेन बंद केल्याशिवाय तारेला हात लावूं नये, टेस्टरवर आंधळा विश्वास ठेवूं नये, सांधा घट्ट कसा करावा, बोर्ड कसा बसवावा, पंखा कसा जोडावा, हें सारें त्याला येतें. उस्तादाच्या हाताखालीं उभें राहण्यास एवढी तयारी पुरते. पण एकट्यानें दुसऱ्याच्या घरांत शिरून वीज खेळवण्यास ती पुरत नाहीं.

कारण विजेचे दोष ऋतूप्रमाणें येतात. उन्हाळ्यांत आपल्याकडे घरोघरीं कूलर लागतो. लोखंडी पेटी, आंत पाणी, आणि अर्थिंगचा पत्ता नाहीं. पाणी भरावयास गेलेल्या बाईला धक्का बसतो. पावसाळ्यांत भिंत ओली होते आणि भिंतींतली जुनी तार गळूं लागते. धानाला पाणी देण्याच्या दिवसांत तीनपैकीं एक फेज जाते. मोटार नुसती घूं-घूं करते आणि जळते. न्यूट्रल सुटली तर २३० व्होल्टच्या जागीं कितीतरी अधिक दाब घरांत चढतो आणि टी.व्ही., फ्रीज एका क्षणांत जातात. तीन महिन्यांचा विद्यार्थी यांतला एकच ऋतु पाहतो. वारंवार फ्यूज उडतो म्हणून तो जाड तार बांधून देतो. मालक खूष होतो. पण पुढें फ्यूज उडत नाहीं, घरच पेटतें. फ्यूज कां उडाला हें शोधणें हीच खरी विद्या आहे.

पवनीच्या कोष्ट्यांस हें समजावून सांगणें नको. कोष्ट्याचें पोर पहिल्याच दिवशीं मागावर बसत नसे. आधीं कांड्या भरी, मग तुटलेला धागा जोडी, आणि वर्षांमागून वर्षें गेल्यावर रेशमी कांठ त्याच्या हातीं येई. कांठ चुकला तर लुगडें बिघडे. तार चुकली तर माणूस जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदींप्रमाणें २०२१ या एका सालांत विजेच्या धक्क्यानें देशांत बारा हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्याच सालीं ९ जानेवारीच्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला आग लागून दहा नवजात बाळें गेलीं, आणि चौकशींत कारण निघालें शॉर्टसर्किट. तेथें कोणा शिकाऊ पोराची चूक होती असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. वीज ही काय चीज आहे, एवढेंच त्यावरून ध्यानांत घ्यावें.

कायद्याचीही बाजू आहे. वायरिंगचें काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व्हावें, असें वीज नियम सांगतात. वर्गाचा कागद म्हणजे परवाना नव्हे. तो घेऊन चोरून काम करणाऱ्या पोराच्या हातून अपघात झाला, तर दलाल साक्षीलाही येणार नाहीं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं आपलें निवेदन दिलें. गांवचे शिक्षक शेतकरी वर्गांतले असावे, नांगर वा सुताराचें हत्यार हातीं धरण्यास त्यांस लाज वाटूं नये, असें त्यांनीं मागितलें. हातांचें काम त्यांनीं हलकें मानलें नाहीं. पण डोक्याविना हात द्या असेंही म्हटलें नाहीं. अर्थ न समजतां मंत्र म्हणणाऱ्याला आपण हंसत आलों. आतां आपलींच मुलें अर्थ न समजतां तारा जोडूं लागलीं तर? मंत्र चुकल्यानें कोणी मरत नाहीं. आणि पाहा, डॉक्टर, वकील होणाऱ्यांच्या घरीं तीन महिन्यांचा मार्ग कोणी सुचवीत नाहीं. तो बहुजनांच्याच वाट्याला कां यावा?

तेव्हां आमचें सांगणें असें. ज्याला आय.टी.आय.ला प्रवेश मिळतो त्यानें, मुलगा असो वा मुलगी, दोन वर्षें तेथेंच काढावीं, आणि पुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं विद्यावेतन घेऊन काम शिकावें. ज्याला तें शक्य नाहीं त्यानें थोड्या मुदतीचा वर्ग जरूर करावा; पण लगेच आपली पाटी लावूं नये, परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीं निदान तिन्ही ऋतु काढावे. ज्यानें दहा वर्षें उस्तादापाशीं काम केलें आहे त्याला पूर्वज्ञानाच्या मान्यतेचें प्रमाणपत्र मिळण्याची सोय याच कौशल्य योजनेंत आहे. तिचा लाभ घ्यावा. नगरपरिषदेनें व ग्रामपंचायतींनीं विजेच्या कामाचा ठेका देतांना गांवचीं दोन मुलें हाताखालीं घेण्याची अट घालावी.

वर्गांत नांव घालण्यापूर्वीं पालकांनीं चार प्रश्न विचारावे. हातानें करावयाचें काम किती तास? तेथें चालती थ्री-फेज मोटार आहे काय? कागदावर नेमकें कोणतें नांव येणार? आणि वर्ग संपल्यावर कोणता ठेकेदार मुलाला घेणार? ज्यांच्या हातीं असा फॉर्म आला असेल त्यांनीं सहीपूर्वीं तो शाळेंत आणावा. आम्ही वाचून दाखवूं.