जलतरणपटु आणि वजनाचा कांटा

शर्यतीच्या पोहण्यांत जय-पराजय सेकंदाच्या शतांशानें ठरतो. त्यामुळें जें जें कमी करतां येईल तें तें कमी करावें, असा मोह शिक्षकालाही होतो आणि शिष्यालाही. त्यांतच पोषाख तोकडा व अंगाला चिकटणारा. अशा स्थितींत वाढत्या वयाच्या मुलीला चारचौघांदेखत कांट्यावर उभें केलें, किंवा कातडी चिमट्यांत धरून तिची चरबी मोजली, म्हणजे आपलें शरीर हाच आपला अपराध, असें तिला वाटूं लागतें.

पदार्थविज्ञान मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाहीं. धावणाऱ्याला देहाचा भार पावलोपावलीं स्वतः पेलावा लागतो. पोहणाऱ्याचा बहुतेक भार पाणीच पेलतें. चरबी पाण्याहून हलकी असते, स्नायु जड असतात. पोहणाऱ्याला झुंजावें लागतें तें पाण्याच्या रोधाशीं. आणि तो रोध देहाची घडण, पाण्यांतील त्याची ठेवण व हातापायांची रीत यांवर अवलंबून असतो. कांट्यावरचा आंकडा यांपैकीं कांहींच सांगत नाहीं.

श्रमाच्या मानानें आहार अपुरा पडला, कीं शरीर काटकसर करूं लागतें. मुलींची मासिक पाळी थांबते, हाडें दुर्बळ होतात, आजार वारंवार येतात आणि ज्या गतीसाठीं उपास केला ती गतीच मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ सालीं या विकाराला स्वतंत्र नांव दिलें आणि मुलगेही त्यांतून सुटत नाहींत, हें स्पष्ट केलें.

अमेरिकेच्या अमांडा बीअर्डचें उदाहरण या बाबतींत विचार करण्याजोगें आहे. १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत, अवघ्या १४ वर्षांची असतांना, तिनें एक सुवर्ण व दोन रौप्यपदकें मिळविलीं. पुढें शरीर वाढलें, गति मंदावली. २००० सालीं सिडनीस एका कांस्यपदकावर तिला समाधान मानावें लागलें. परंतु २००४ सालीं अथेन्स येथें, पूर्ण वाढ झालेल्या त्याच तरुणीनें २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचें सुवर्णपदक जिंकलें. तेंही अटलांटाच्या वेळेपेक्षां दोन सेकंदांहून अधिक वेळ वांचवून. वाढलेला देह गतीचा वैरी ठरला नाहीं.

गोष्ट येथेंच संपती तर बरें होतें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तिनें सांगितलें, कीं खाल्लेलें अन्न ओकून टाकण्याचा विकार तिला जडला होता, आणि ती स्वतःच्या अंगावर जखमाही करून घेत असे. पाण्यांत असतांना रडें कोणाला दिसत नाहीं, असा त्या पुस्तकाच्या नांवाचाच अर्थ आहे. पदकावरून प्रकृतीची पारख करूं नये, ती अशाकरितां.

ज्या घरांतील मुलें शर्यतीसाठीं पोहतात, त्या घरांनीं कांट्याऐवजीं ताटाकडे लक्ष द्यावें. जेवण टाळण्यासाठीं रोज नवी सबब, जेवल्याबरोबर न्हाणीघराचें दार लावून घेणें, पाळी चुकत राहणें, हीं शिस्तीचीं लक्षणें नव्हेत. अशा वेळीं रागें न भरतां मुलाला वा मुलीला डॉक्टरांकडे न्यावें. आणि सर्वांदेखत वजन करणारा शिक्षक असेल, तर ती प्रथा बंद करण्यास त्याला आईबापांनींच सांगितलें पाहिजे. मुलांना तें सांगण्याचें धैर्य सहसा होत नाहीं.