कुलूप लावून काय होतं?

दुपारची भांडी उरकून बसला असाल, किंवा शेतात खुरपताना बांधावर रेडिओ ठेवला असेल. जिथे असाल तिथे ऐका.

मागच्या महिन्यात मी मोबाइलबद्दल बोलले होते. त्यानंतर एका ताईंनी आपल्या केंद्राच्या नंबरवर निरोप पाठवला. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याने बाजाराच्या गावी मोबाइलच्या दुकानातून वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून आणलं. त्यात गाणी, दोन सिनेमे आणि एक गेम. ताईंनी त्याला विचारलं, "अरे, हा गेम कुणीतरी बनवला असेल ना? त्याला यातले किती मिळाले?" मुलगा म्हणाला, "आई, त्या कंपन्या लय मोठ्या असतात. त्यांना काय फरक पडतो?" मग ताईंनी मला विचारलंय की, चोरी होते हे ठाऊक असून या कंपन्या गेमला कुलूप का लावत नाहीत?

प्रश्न मला फार आवडला. मी स्वतः गेम खेळत नाही, पण माझा भाचा खेळतो. त्याला समोर बसवून आणि थोडं वाचून जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, ही चोरी आपल्या ओळखीच्या चोरीसारखी नसते. तुमची लोणच्याची बरणी कुणी पळवली तर फळी रिकामी होते. गेमची नक्कल केली तर मूळ बरणी जागेवर भरलेलीच राहते आणि शेजारी तशीच दुसरी तयार होते, जवळजवळ फुकट. म्हणून चोरणाऱ्याला आपण काही नेलं असं वाटतच नाही. पण पहिली बरणी भरायला दोन-तीन वर्षं जातात. चित्रं काढणारे, गोष्ट लिहिणारे, संगीत करणारे असे कधी दोघंच असतात, कधी शेकडो माणसं असतात. त्यांचा पगार विक्रीतूनच निघतो.

दुसरी गोष्ट कुलपाची. कंपन्या कुलूप लावतात, आणि चांगलं भक्कम लावतात. पूर्वी गेम सुरू करताना मूळ सीडी आत आहे का, हे तपासायचे. इंटरनेटवरून कंपनीला विचारतात, हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे का? उत्तर आलं तर गेम उघडतो. आता हे ऐकून तुम्हाला काय आठवलं? मला रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन आठवलं. कार्ड आपलं, नाव आपलं, धान्य आपल्या हक्काचं. पण रेंज नाही, अंगठा उमटत नाही, उद्या या. कामाने बोटं घासलेल्या म्हातारीला तीन खेपा पडतात. आणि ज्याला धान्य पळवायचंच असतं, तो काय रांगेत उभा राहून अंगठा लावतो?

गेमच्या कुलपाचं तसंच होतं, उलट जरा जास्तच. घराचं कुलूप फोडणाऱ्याला प्रत्येक घरी जाऊन वेगळं कुलूप फोडावं लागतं. गेमचं कुलूप जगात एकाने एकदा फोडलं की झालं. त्यापुढच्या सगळ्या नकला बिनकुलपाच्याच निघतात. म्हणजे फुकट घेणाऱ्याला मोकळं दार, आणि पैसे मोजणाऱ्याच्या नशिबी कुलूप. 2008 साली अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने 'स्पोर' नावाचा गेम काढला. विकत घेतलेला गेम सुरुवातीला फक्त तीन वेळा चालू करून घ्यायची मुभा होती. संगणक बदलला, बिघडला, की एक वेळ गेली. गिऱ्हाईक भडकलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त चोरल्या गेलेल्या गेममध्ये 'स्पोर'चं नाव वरच होतं. चोरीच्या प्रतीला ती तीन वेळांची अट नव्हती ना!

मग काय करायचं? इथे मला पोलंड देशातल्या दोन मुलांची गोष्ट सांगायची आहे.

पोलंड युरोपात आहे. 1989 पर्यंत तिथे कम्युनिस्ट राजवट होती. बाहेरचा माल सरळ मिळत नसे, आणि संगणकाच्या गेमची नक्कल करू नये असा कायदाही नव्हता. तो कायदा 1994 साली आला. तोपर्यंत राजधानी वॉर्सामध्ये आठवडी बाजारासारख्या बाजारात नकललेले गेम उघड विकले जात. शाळेत शिकणारा मार्चिन इविन्स्की हा मुलगाही असे गेम विकायचा. हे त्याने पुढे मोठा झाल्यावर स्वतःच सांगितलं आहे. त्याचा शाळेतला मित्र मिखाउ किचिन्स्की. दोघांनी 1994 साली एका मित्राच्या घरातल्या खोलीत कंपनी काढली, सीडी प्रोजेक्ट. धंदा काय, तर परदेशातले गेम रीतसर आणून विकायचे. बाजारात तेच गेम स्वस्तात पडून होते, आणि ते विकणं काय असतं हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

1999 मध्ये त्यांनी 'बॉल्डर्स गेट' नावाचा मोठा इंग्रजी गेम घेतला. तो पाच सीडींचा होता. चोरांना पकडत बसण्याऐवजी त्यांनी विचार केला की, बाजारातल्या फुकट्या मालात काय नाही? त्यात आपली भाषा नाही. मग त्यांनी सगळा गेम पोलिश भाषेत आणला. नुसता लिहिलेला मजकूर नाही, तर तिथल्या नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले. खोक्यात जुन्या कागदासारखा दिसणारा नकाशा घातला, खेळाच्या नियमांचं पुस्तक घातलं, संगीताची वेगळी सीडी घातली. एवढं सगळं करायला पैसा लागला आणि तो बुडाला असता तर कंपनीही बुडाली असती. पहिल्याच दिवशी 18,000 खोकी विकली गेली. त्या देशात तेव्हा गेम कुणी विकत घेत नाही असं सगळे म्हणायचे.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मर्म इथेच आहे. लोक चोर होते म्हणून घेत नव्हते, की घेण्यासारखं त्यांच्यासमोर कुणी ठेवलंच नव्हतं म्हणून?

पुढे या दोघांच्या कंपनीने स्वतःचा गेम काढला, 'द विचर'. पोलंडमधलेच लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून. 2008 साली त्यांनी इंटरनेटवर एक दुकानही उघडलं, जीओजी नावाचं. त्या दुकानातल्या गेमला कुलूप नाही. एकदा घेतला की तुमचा. दहा वर्षांनी चालवा, नव्या संगणकावर चालवा, कुणाला विचारायचं नाही.

2011 मध्ये मोठी मजा झाली. 'विचर'चा दुसरा भाग आला. स्वतःच्या दुकानात तो बिनकुलपाचा, पण इतर दुकानांतल्या खोक्यांना मात्र कुलूप होतं. मुद्दाम लावलेली कसोटीच म्हणा. तुम्हाला काय वाटतं, चोरांनी कुठला उचलला असेल? कुलपाचा! कुलूप फोडण्यातच त्यांची प्रतिष्ठा असते, असं इविन्स्कींनी नंतर सांगितलं. उलट कुलपामुळे खऱ्या गिऱ्हाइकाचाच गेम रखडत चालायचा, म्हणून कंपनीने पहिल्याच दुरुस्तीत ते काढून टाकलं.

आता हे ऐकून असं समजू नका की कुलूप काढलं की चोरी थांबते. त्याच वर्षी कंपनीचा स्वतःचा अंदाज होता की 10 लाख प्रती विकल्या गेल्या, तर 45 लाख फुकट गेल्या. एवढा आकडा बघून कुणाचंही डोकं फिरेल. यांचंही फिरलं. जर्मनीत त्यांनी वकिलांकरवी, गेम चोरल्याचा संशय असलेल्या लोकांच्या घरी नोटिसा पाठवल्या. 900 युरोंच्या वर रक्कम भरा, नाहीतर कोर्टात या. आपण कल्पना करा, आपल्या दारात अशी नोटीस आली तर रात्री झोप लागेल का? शिवाय इंटरनेटच्या जोडणीवरून नेमका माणूस कोण ते कळत नाही. जोडणी बापाच्या नावावर, खेळणारा शेजारचा. बोभाटा झाला की निर्दोष लोक भरडले जातायत. जानेवारी 2012 मध्ये कंपनीने जाहीर पत्र काढून नोटिसा बंद केल्या. चोरी आम्हाला मान्य नाही, पण आमच्या गिऱ्हाइकांचा विश्वास गमवायचा नाही, असा त्या पत्राचा सूर होता.

इतकी मोठी कंपनी, पाऊल मागे घेते आणि तेही चारचौघांत. मला यांच्या यशापेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

2015 मध्ये तिसरा भाग आला. पुन्हा त्यांच्या दुकानात बिनकुलपाचा. खोक्यात नकाशा, चिकटवायची चित्रं, संगीत, आणि गिऱ्हाइकाचे आभार मानणारं एक पत्र. नंतरही 16 छोट्या भरी विकत घेणाऱ्यांना फुकट दिल्या. पहिल्या दोन आठवड्यांत 40 लाख प्रती गेल्या, 2023 पर्यंत 5 कोटींच्या वर. याच कंपनीने 2020 साली 'सायबरपंक' नावाचा गेम घाईघाईत, अर्धाकच्चा बाजारात आणला, तेव्हा लोकांनी पैसे परत मागितले आणि सोनीने तर आपल्या दुकानातून तो काही महिने काढूनच टाकला. कंपनीची सगळ्यात मोठी नाचक्की झाली ती अशी. त्यात चोरांचा काही हात नव्हता.

पण मोठ्यांचं ठीक आहे, लहानांनी काय करायचं? ताईंच्या मुलाचं म्हणणं आठवा, कंपन्या मोठ्या असतात. पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग हे दोघे भाऊ. 2013 साली त्यांनी एक गेम काढला, किंमत आठ डॉलर, तेव्हाचे साधारण सव्वाचारशे रुपये. कुलूप लावलं नाही. गेमचा विषयच असा की, खेळणाऱ्याने गेम बनवायची कंपनी चालवायची. चोरी होणार हे ठरलेलं, म्हणून भावांनी स्वतःच एक चोरीची प्रत तयार करून इंटरनेटवर सोडून दिली. ती प्रत हुबेहूब तशीच, फक्त एक बदल. काही तास खेळलं की खेळातल्या तुमच्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि तुमचं दिवाळं निघतं. कितीही चांगला गेम बनवा, दिवाळं ठरलेलं.

पहिल्या दिवसाचा हिशेब भावांनी जाहीर केला. विकलेल्या प्रती 214. चोरीच्या 3,104. आणि चोरून खेळणारी पोरं इंटरनेटवर तक्रार करत होती की, लोक आमचे गेम का चोरतात, आम्ही कसं जगायचं! माझा भाचा हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग जरा वेळाने म्हणाला, "आत्या, 214 म्हणजे फारच कमी गं."

कमीच. म्हणून मी कुणाला सांगणार नाही की चोरीने काही बिघडत नाही. बिघडतं. फक्त कुलपाने ते सुधारत नाही, एवढंच यातून दिसतं.

ताईंसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. दुकानातून भरून आणलेल्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या गेममध्ये कधी कधी दुसरंच काही दडवलेलं असतं. गेम तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच मेसेजमध्ये येतो. ज्या फोनवर बचत गटाचे पैसे फिरतात, त्यात असा गेम नकोच. मोबाइलचे पुष्कळसे गेम तसेही अधिकृत दुकानात फुकट असतात, जाहिराती दाखवून पैसे मिळवतात.

आता शेवटची गोष्ट, तीही पोलंडचीच. तीन मित्रांनी कित्येक वर्षं खपून 'डार्कवुड' नावाचा भीतीचा गेम केला आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये विकायला ठेवला. काही दिवसांत एका खेळणाऱ्याचं पत्र आलं, पैसे परत हवेत. कारण काय, तर महिनाअखेरीला कार्डाचं बिल आलं की आईवडिलांना ताण येईल, ते नको. या तिघांनी काय केलं असेल? चोरीचे गेम जिथे मिळतात त्याच ठिकाणी त्यांनी स्वतः आपला पूर्ण गेम ठेवला. बिनकुलपाचा, त्यात काही खोट नाही. सोबत लिहिलं की पैसे नसतील तर हा घ्या आणि खेळा. आवडला, तर पुढे कधी जमेल तेव्हा, स्वस्त होईल तेव्हा विकत घ्या. एकच विनंती केली, की आमच्याकडून खोटं बोलून फुकट प्रती मागून घेणारे आणि त्या पुढे विकणारे जे व्यापारी आहेत, त्यांच्याकडून घेऊ नका. राग होता तो त्या दलालांवर. बिलाची चिंता करणाऱ्या पोरावर नव्हता.

ताई, मुलाला शेजारी बसवून हा भाग त्याला ऐकवा. तो काय म्हणतो ते मला आवाजी निरोपाने कळवा, त्याच्याच आवाजात पाठवलात तर फारच छान. पुढच्या बुधवारी याच वेळेला शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलायला आपल्या पशुसखी येणार आहेत. त्यांना काय विचारायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा. नमस्कार.