झुंजार रद्दीत सापडतो

जुनी नाणी किंवा तिकिटं जमवणाऱ्याकडे लोक कौतुकानं पाहतात. मी झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथा जमवतो म्हटलं, की समोरचा आधी हसतो. मग हळूच विचारतो, ‘‘एखादी वाचायला मिळेल का हो?’’

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या टोपणनावातलं अर्नाळा आणि आमचं पाम, दोन्ही गावं आज पालघर जिल्ह्यातच. पण त्यांची जुनी आवृत्ती मला ग्रंथालयापेक्षा रद्दीवाल्याकडे सापडण्याची शक्यता अधिक. अनंत अंतरकरांचा ‘नवल’ आणि ‘धनंजय’चे दिवाळी अंकही तिथेच भेटतात.

याचं कारण ही पुस्तकं नावडती होती हे नव्हे. ती वाचून वाचून संपली. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. बोईसरला खोली घेऊन राहणारी एकटी माणसं, पाळीची नोकरी, आणि पालघर-विरारकडची ये-जा. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी एक शटल चुकली, की फलाटावर बसून एक अख्खा खून उलगडायचा. असे वाचक भाड्यानं पुस्तक देणाऱ्या छोट्या वाचनालयांचे हक्काचे गिऱ्हाईक. पुस्तक टिकावं म्हणून वाचनालयवाला मूळ मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठा चिकटवायचा. त्यात रघुवीर मुळगावकरांची चित्रं गेली. मुखपृष्ठ शाबूत असलेली पुस्तकं माझ्याकडे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणा उपद्व्यापी वाचकानं खुनी कोण ते पेननं लिहून ठेवलंय. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, ‘तुझं वाटोळं होवो.’ ही प्रत मी कुणाला देणार नाही.

कागद हा या छंदाचा खरा वैरी. अमेरिकेत १८९६ साली ‘आर्गसी’ मासिक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर निघू लागलं. त्या लगद्यावरूनच अशा मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडलं. आपल्याकडचा कागदही त्याच जातीचा. लाकडातलं लिग्निन त्यात राहतं, आम्ल तयार होतं, पान आधी पिवळं आणि मग पापडासारखं ठिसूळ होतं. आमच्याकडे भर म्हणून समुद्राची दमट हवा. पावसाळ्यानंतर लोक पुस्तकांना ऊन दाखवतात. या कागदाला ते मुळीच दाखवू नये, तो आणखी लवकर जळतो. सावलीतलं वारं पुरतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं तर अघोरी. काही वर्षांनी तिचा डिंक तपकिरी होतो आणि अक्षरंच खातो.

‘स्कॅन करून टाका की,’ असं तरुण मंडळी सांगतात. स्वतःपुरतं ठीक आहे. पण आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे सगळ्यांसाठी ही पुस्तकं मोकळी होणार २०५७ साली. माझ्याकडचा कागद तोवर टिकेल असं मला वाटत नाही. काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या, ते चांगलंच झालं. पण हजारांतल्या उरलेल्यांचं काय? प्रकाशकानं पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवावी असा कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या भरवशावर बसायला मात्र मी तयार नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. पुस्तकाचं नाव, छापखाना, किंमत, साल, पानं किती, कुठली गहाळ, आणि कुठल्या वाचनालयाचा शिक्का. शिक्क्यांवरून एक गंमत कळते: बंद पडलेल्या वाचनालयांची पुस्तकं गावोगाव फिरत राहतात. गेल्या महिन्यात वापीचा शिक्का असलेला झुंजार मला पालघरला मिळाला, शेवटची आठ पानं नसलेला. ती आठ पानं मी शोधतोय. रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय, पुठ्ठा नसला, पानं सुटी असली तरी चालेल, फक्त वजनकाट्यावर टाकण्याआधी मला एक फोन कर.