दिवे लागले, पाटी कुठे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावून सांगितलंय, प्रत्येकानं आपापल्या कामातलं काहीतरी सांगायचं आणि दहा मिनिटांत खाली बसायचं. आपल्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. मी नांदेडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडी कशी उचलायची, हे सगळं पोरांना शिकवता येतं. पण एक प्रश्न असा आहे, की त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. "सर, पाटी नसेल तिथं वेग किती ठेवायचा?" आणि त्याला जोडून दुसरा, "दिवे असले की गाव, अंधार असला की हायवे, असंच ना?"

आज यावरच बोलतो, कारण इथल्या निम्म्या लोकांना जेवणं झाल्यावर रात्रीच गाडीनं परत जायचंय. कुणी लातूरला, कुणी उदगीरला, कुणी थेट पुण्याला.

हा प्रश्न मी पंचवीस-तीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही मुद्दाम विचारतो. उत्तरं तीन प्रकारची येतात. पहिला म्हणतो, दिवे लागले की चाळीसच्या वर जायचं नाही, तसा कायदाच आहे. दुसरा म्हणतो, दिवे असले की रस्ता स्वच्छ दिसतो, मग दाबायला काय हरकत आहे? तिसरा म्हणतो, पाटीच नाही म्हणजे मर्यादाच नाही. तिघंही ठामपणे सांगतात आणि तिघंही चुकतात. गंमत अशी, की हे तिघं एकाच वेळी एकाच रस्त्यावर असतात. एक चाळीसनं जातो, दुसरा मागून ऐंशीनं येतो आणि हॉर्न वाजवतो.

पहिल्याचं उत्तर आपल्याकडं कुठून आलं असेल, ते आपल्या एका वर्गमैत्रिणीमुळं मला कळलं. ती इंग्लंडमध्ये राहते. सुट्टीत आली, की लातूर फाट्याजवळ दिव्यांची रांग सुरू होताच ड्रायव्हरला म्हणते, "दादा, हळू. दिवे आले." तिचं चुकत नाही. ब्रिटनमध्ये १९३५ पासून वस्तीतल्या रस्त्यांना ताशी ३० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर. वस्ती ओळखायची कशी? तर दिव्यांच्या खांबांवरून. इंग्लंडमध्ये दोन खांबांतलं अंतर २०० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ मीटरपेक्षा जास्त नसेल, आणि वेगळी पाटी नसेल, तर मर्यादा ३०. अशा रस्त्यावर ३० ची पाटी मध्ये मध्ये लावत नाहीत. खांब हीच पाटी. तरीही तिथले लोक गोंधळतातच. रस्ता रुंद आणि दुपदरी दिसला की त्यांना वाटतं, इथं चाळीस असणार. त्यात सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये तीच मर्यादा २० मैलांवर आली. म्हणजे खांब तसाच, पण त्याचा अर्थ बदलला.

आपल्याकडं खांबाला असा कुठलाच अर्थ दिलेला नाही, आणि देऊन चालणारही नाही. आपले खांब कोण उभे करतं बघा. कुठं महापालिका, कुठं ग्रामपंचायत, कुठं महामार्गवाले, कुठं आमदार निधी. एखाद्या फाट्यावर घरं चार आणि हायमास्ट एक. पुढच्या गावात घरं चारशे आणि दिवा एकही नाही. आणि भारनियमनाचे दिवस आठवा. संध्याकाळी सातला लाइट गेली की सगळा रस्ता अंधारात. दिव्यावरच मर्यादा ठरली असती, तर लाइट गेल्याबरोबर मर्यादाही गेली असती!

मग आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून कमाल वेग ठरवले. कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, महापालिका-नगरपालिका हद्दीत ७० आणि बाकीच्या रस्त्यांवर ७०. मोटारसायकलला चौपदरीवर ८०, हद्दीत ६०. बसला चौपदरीवर ९०, हद्दीत ६०. मालट्रकला ८० आणि ६०. तीनचाकीला ५०. ही झाली वरची रेघ. यापेक्षा कमी मर्यादा राज्य शासन ठरवू शकतं. पण त्याच कलमात एक अट आहे. अशी मर्यादा राजपत्रात जाहीर करायची आणि रस्त्यावर योग्य ठिकाणी तशी खूणही लावायची. म्हणजे राजपत्रातला आकडा रस्त्यावर दिसला पाहिजे, हे कायद्यालाच अपेक्षित आहे. तांबड्या कडेची गोल पाटी आणि मधे आकडा, एवढीच ती खूण.

आता या कोष्टकात दिवा कुठंच नाही, हे लक्षात घ्या. आहे ती "हद्द". पण हद्द डोळ्यांना कुठं दिसते? नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ ला झाली, लातूरची २०११ ला. शहरं वाढत गेली, २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी नांदेडचे रस्ते रुंद झाले. लातूरहून निघालं की चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा, सोनखेड करत आपण विष्णुपुरीला येतो. तिथं विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज, सरकारी दवाखाना. मधे मधे उजेड, मधे मधे अंधार. शंभरचा रस्ता नेमका कुठं संपला आणि सत्तरचा कुठं सुरू झाला, हे पाटी नसेल तर मी सोडा, पोरांना परवाना देणारा अधिकारीसुद्धा स्टिअरिंगवर बसून सांगू शकणार नाही. स्वागत कमान ही काही हद्द नव्हे. ती ज्याला जिथं जागा मिळाली तिथं उभी केलेली असते.

ही सगळी कायद्याची गोष्ट झाली. पण मी हे का सांगतोय, ते आता बोलतो.

माझ्याकडं शिकलेला एक मुलगा. हात चांगला, दारू नाही, मोबाईल नाही. लातूरकडून रात्री येत होता. एका फाट्यावर दिवे होते, पाटी नव्हती. काटा सत्तरच्या आसपास. शेतातून मजुरी करून एक बाई रस्ता ओलांडत होती, डोक्यावर गवताचा भारा. उजेड होता, त्याला ती दिसलीही. ब्रेकही लावला. गाडी थांबली, पण ती बाईच्या पुढं जाऊन. पुढं केस झाली. कोर्टात काय झालं ते इथं महत्त्वाचं नाही. तो मुलगा आठ दिवसांनी माझ्याकडं आला आणि एकच बोलला, "सर, मला दिसत होती." त्या बाईची दोन लेकरं तेव्हा शाळेत होती.

दिसणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला खांबांचा हिशोब शिकवतो. तुम्हीही ऐका, सोपा आहे. शहरातल्या दोन खांबांत साधारण ३० मीटर अंतर असतं. सत्तरच्या वेगात गाडी एका सेकंदाला १९ मीटरहून जास्त जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात एक खांब मागं पडतो. मग ब्रेक लागून, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, गाडी थांबायला जवळजवळ दुसरा खांब. एकूण ५५ ते ६० मीटर. चाळीसला हेच सगळं २५-२६ मीटरमध्ये होतं, म्हणजे एका खांबाच्या आत. वेग पावणेदोन पट आणि अंतर दुपटीहून जास्त. पाऊस असेल, टायर घासलेले असतील, तर आणखी.

दुसरी गोष्ट उजेड संपतो तिथली. दिव्यांखालून एकदम अंधारात शिरलं की डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. लाइट डिम असला की पुढचं ४०-५० मीटरच धड दिसतं. आणि आपल्याकडं हंगामात नेमक्या तिथंच उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. म्हणून पोरांना सांगतो, दिव्यांची रांग सुरू होताना जितकं जपायचं, तितकंच ती संपताना जपायचं.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. दंड वाढलेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कारला एक ते दोन हजार, मोठ्या गाडीला दोन ते चार हजार. त्याच दुरुस्तीत कलम १९८अ आलं. रस्त्याचं काम सुरक्षेच्या निकषांप्रमाणं केलं नाही आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर ठेकेदारालाही आणि देखभाल करणाऱ्या यंत्रणेलाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे.

तेव्हा आपण दोन कामं करू शकतो. पहिलं आपल्या पायातलं. पाटी नसेल तिथं दिव्यांकडं बघायचं नाही, रस्त्याच्या कडेला बघायचं. घरं, टपरी, शाळा, फाटा, उभी टमटम, बसलेली जनावरं दिसली की चाळीस, मग दिवा असो नसो. मागच्यानं हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

दुसरं काम कागदावरचं. पाटी मागायची. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाकडं, १०३३ ला फोन करून किंवा लेखी. राज्य रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. शहरातला रस्ता असेल तर महापालिकेकडं. आणि तिन्हीकडून दाद नाही मिळाली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडं. अर्जात ठिकाण नेमकं लिहायचं, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, आणि सोबत फोटो जोडायचा. मोघम अर्ज मोघमच राहतो.

सुरुवात आपल्याच दारातून करू. आपण शिकलो तेव्हा शाळेसमोरून सायकली आणि बैलगाड्या जायच्या. आज रस्ता रुंद झालाय, दुभाजक आलाय, पांढरेशुभ्र दिवे लागलेत. दिव्यांबद्दल आनंदच आहे. पण सकाळी येताना मी दोन्ही बाजूंनी चालत पाहिलं. "शाळा पुढे आहे" अशी पाटी नाही, वेगाचा आकडा नाही, पांढरे पट्टे पुसून गेलेत. हिवाळ्यात ज्यादा तास सुटतात तेव्हा दिवे लागलेले असतात, आणि पोरं त्याच उजेडात रस्ता ओलांडतात.

मी अर्ज लिहून आणलाय. बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. गटशिक्षणाधिकारी राहिलेले आपले मित्र इथं आहेत, वकील आहेत. त्यांनी भाषा तपासून द्यावी. मुख्याध्यापक बाईंनी शाळेचा शिक्का द्यायचं कबूल केलंय. जेवायला जाण्याआधी प्रत्येकानं सही करावी, एवढीच विनंती. आणि रात्री निघताना घाई करू नका. घरी पोचलात की ग्रुपवर "पोचलो" एवढं टाका. शेवटचा मेसेज येईपर्यंत मी जागाच असतो.