बास गिटार आणि तिचा लगाम

नभोवाणीवरील वक्ता बोलतां बोलतां एकदम आवाज चढवितो, मध्येंच पुटपुटतो. तरी श्रोत्याच्या खोलींत त्याचें बोलणें बहुधा एकाच पातळीवर ऐकूं येतें. याचें श्रेय वक्त्याला नाहीं. प्रक्षेपण-केंद्रांतील एक यंत्र उसळणारा आवाज दाबून धरतें, आणि मग एकंदर आवाज निर्धास्तपणें वाढवितां येतो. १९३० नंतरच्या दशकांत नभोवाणीच्या कामीं आलेल्या या यंत्राचा वंशज, म्हणजे कंप्रेसर, आज बास गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशीं एका लहानशा डबीच्या रूपानें येऊन बसला आहे.

कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं प्रिसिजन बास बाजारांत आणली. तिची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते. ही तार, सर्वांत बारीक तार, आणि लॅरी ग्रॅहम यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय केलेला अंगठ्याचा ठोका, यांचे आवाज सारख्या जोराचे नसतात. चौघांच्या मेळांत एक स्वर ड्रमच्या आवाजांत बुडतो, दुसरा ऐकणाराच्या अंगावर येतो. कंप्रेसरला चारास एक असें प्रमाण लावून दिलें असतां ठरलेल्या मर्यादेच्या वर आठ डेसिबल उसळणारा स्वर दोनच डेसिबल वर जातो. हळू वाजलेल्या स्वरांना तो हात लावीत नाहीं. परंतु मागाहून सर्वच आवाज वाढविला कीं त्यांना उठाव मिळतो. त्यांच्याबरोबर घरांतल्या विजेची गुणगुणही वर येते, हें विक्रेता सहसा सांगत नाहीं.

खरी गोम आहे ती वेळेची. यंत्रानें किती त्वरेनें दाबावें आणि किती त्वरेनें सोडावें, हीं दोन मानें चुकलीं तर बाकी सर्व व्यर्थ. दाब तत्काळ पडला तर बोटाचा प्रारंभींचा आघात, ज्यानें स्वराला धार येते, तोच गिळला जातो. थोडा उशीर दिला तर आघात निसटतो आणि मागचा नाद आवरला जातो. सोडण्याच्या बाबतींत बासची अडचण निराळी आहे. ४१ आंदोलनांच्या स्वराचें एक आंदोलन सुमारें २४ मिलिसेकंद चालतें. दाब याहून लवकर सुटूं लागला तर यंत्र स्वराच्या चढउतारामागें न जातां प्रत्येक लाटेमागें धावूं लागतें, आणि खर्ज घोगरा होतो. साध्या गिटारवर निर्दोष वाटलेली जुळणी बासवर फसते, ती पुष्कळदां यामुळें.

आतां दोन यंत्रें शेजारीं ठेवून पाहूं. एम्.एक्स्.आर. कंपनीचा एम-८७ हा केवळ कंप्रेसर आहे. त्याला पांच खुंट्या आहेत. दाबाचें प्रमाण चार, आठ, बारा किंवा वीस यांपैकीं निवडावयाचें, आणि दहा दिव्यांची ओळ दाब किती पडतो तें दाखविते. झूम कंपनीचा बी-१ फोर हा मल्टि-इफेक्ट्स प्रोसेसर. त्यांत एका वेळीं पांच परिणाम एकापुढें एक लावतां येतात. कंप्रेसर त्यांतलाच एक. शिवाय तारा जुळविण्याचें साधन आहे, तालाच्या तयार चाली आहेत, आणि किंमत एम-८७ हून पुष्कळ कमी. दाब किती पडला हें मात्र तेथें दिव्यांच्या ओळीवर दिसत नाहीं. अंकीय यंत्रांतील कंप्रेसर म्हणजे निव्वळ नक्कल, हा जुना आक्षेप आतां फारसा टिकत नाहीं; २०१८ सालीं निघालेल्या लाइन सिक्सच्या एच्.एक्स्. स्टॉम्पमध्यें १९६० नंतरच्या दशकांतील नामांकित स्टुडिओ-कंप्रेसरची गणिती प्रतिकृति आहे, आणि मेळांत वाजतांना ती मूळाहून वेगळी ओळखणारे कान विरळा.

तेव्हां निवड आवाजापेक्षां हातावर अवलंबून आहे. ज्या मुलाची वा मुलीची बोटें अजून तारेवर सारख्या जोरानें पडत नाहींत, त्यांना एम-८७ देणें म्हणजे कच्च्या अक्षराला सुंदर छपाई देणें होय. घरीं सारें समसमान ऐकूं येतें. पुढें एखाद्या सभागृहांत बास सरळ ध्वनिवर्धकाला जोडली कीं तेंच वादन उघडें पडतें, आणि दोष कोठें आहे हें त्या बिचाऱ्याला कळतही नाहीं. अशा घरीं बी-१ फोर आणावा, ताल चालूं ठेवावा आणि कंप्रेसर वर्षभर बंद ठेवावा. त्यांतील इतर गमतींत कांहीं संध्याकाळी वायां जातील. त्याला इलाज नाहीं. उलट, मेळांत नियमानें वाजविणाऱ्याला आपला कोणता स्वर उसळतो हें ठाऊक झालेलें असतें. त्याला पांच खुंट्या पुरतात, आणि अंधाऱ्या रंगमंचावर यादी चाळीत बसण्यापेक्षां त्या बऱ्याही पडतात.

दुकानांत जातांना आपलीच बास न्यावी. जाड तार मोकळी छेडावी, मग अंगठ्यानें ठोकावी, आणि यंत्र चालू-बंद करून पाहावें. मात्र त्याआधीं दोन्ही वेळचा आवाज सारखा लावून घ्यावा; कारण मोठा आवाज कानाला नेहमींच चांगला वाटतो, आणि दुकानांतील खुंटी बहुधा थोडी चढविलेलीच असते.