गल्ला दुकानाचा, खर्च घराचा

(छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यात कुणी शिलाईकाम करतो, कुणाचे गॅरेज आहे, कुणाची बेकरी, कुणी घरून केटरिंग चालवते. आपण सगळे स्वतःच स्वतःचे मालक. त्यामुळे दुकानाचा गल्ला आणि घराचा डबा एकमेकांत केव्हा मिसळतात, ते कळत नाही. मुलाची फी गल्ल्यातून जाते, बायकोचा मोबाईल दुकानाच्या नावावर येतो. मार्चमध्ये कुणीतरी सांगतो, ‘टाकून दे धंद्याच्या खर्चात.’

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३७(१) प्रमाणे, जो खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला तोच वजा होतो. वैयक्तिक खर्च होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

आता रोजची उदाहरणे घेऊ. गिऱ्हाइकाला पाजलेला चहा धंद्याचा, आपले रोजचे जेवण घरचे. दुकानाचा विमा धंद्याचा, स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता घरचा. ईदला किंवा दिवाळीला कारागिरांना दिलेली मिठाई आणि बोनस धंद्याचा, आपल्या मुलांचे कपडे घरचे. कापड खरेदीला सुरतला गेलात, तर तुमचे तिकीट धंद्याचे. सोबत फिरायला आलेल्या कुटुंबाचे नाही. उमराहची सहल घरची. जकात आणि सदकासुद्धा धंद्याचा खर्च नव्हे. ते तुमच्या स्वतःच्या कमाईतून द्यायचे असते. जुन्या कररचनेत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर कलम ८०जी खाली सवलत होती, पण तो वेगळा रकाना आहे आणि त्यातही २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही.

काही खर्च अर्धे घरचे, अर्धे धंद्याचे असतात. तिथे घाबरायचे कारण नाही, वाटणी करायची. समजा, स्कूटर वर्षाला १२,००० किलोमीटर फिरली, त्यातले ९,००० मालपोहोचीचे. पेट्रोल-दुरुस्तीचा खर्च ४०,००० रुपये. तीन चतुर्थांश, म्हणजे ३०,००० रुपये दाखवा. घरातल्या एका खोलीत शिलाईयंत्रे असतील, तर विजेचीही तशीच वाटणी करा. फक्त हिशेब कशावरून काढला, ते वहीत लिहून ठेवा. आणि एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलीत, तर खर्च खरा असूनही तो सहसा नाकारला जातो. बँकेतून द्या.

ज्यांनी ठोक पद्धत घेतली आहे, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के किंवा डिजिटल जमेवर ६ टक्के नफा दाखवतात, त्यांचा सगळा खर्च त्यातच धरलेला असतो. वरून पेट्रोल वजा मागता येत नाही.

एक प्रश्न भगिनी नेहमी विचारतात. ‘मी दुकानात राबते, माझा पगार दाखवता येईल का?’ काम खरे असेल आणि पगार वाजवी असेल, तर दाखवता येतो. मात्र पत्नीला धंद्याचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान नसेल, तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. म्हणून जी काहीच काम करत नाही तिच्या नावावर कागदी पगार टाकून काही साधत नाही. जिच्या हातात खरे कौशल्य आहे, तिचा पगार मात्र तिच्या खात्यात जमा झाला पाहिजे. तो तिचा हक्क आहे.

खोटा खर्च पकडला गेला तर? समजा, एक लाखाचा खर्च खोटा निघाला आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. कर २०,०००, आणि चुकीची माहिती दिल्याचा दंड त्याच्या दुप्पट, ४०,०००. व्याज वेगळे.

पण पकडले गेला नाहीत, तरी नुकसान आहेच. घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. खर्च फुगवून उत्पन्न दीड लाख दाखवले असेल, तर कर्जही तेवढ्याच ऐपतीचे मिळते. मग माणूस खाजगी सावकाराच्या दारात जातो. त्याहून वाईट म्हणजे, कर्ता रस्त्यावर अपघातात गेला, तर भरपाई ठरवताना न्यायाधिकरण त्याच्या विवरणपत्राकडे पाहते. वाचवलेल्या चार पैशांची किंमत तेव्हा त्याची विधवा आणि मुले मोजतात.

उपाय सोपा आहे. धंद्याचे बँक खाते वेगळे काढा. मालकाला स्वतःचा पगार खर्चात दाखवता येत नाही. त्याने घरासाठी घेतलेल्या पैशाला ‘उचल’ म्हणतात. दर महिन्याला ठरावीक उचल घ्या, ती वहीत लिहा आणि घर त्यातच चालवा. खऱ्या खर्चाची प्रत्येक पावती जपा आणि तो खर्च हक्काने वजा मागा, एक रुपयाही सोडू नका.

आपण शाळा, दवाखाना, रस्ता मागतो, आणि मागितलेच पाहिजे. ते मागताना आपल्या वहीवर कुणाला बोट ठेवता येऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.