ओहम म्हणजे मामा

शाळेत आपण सगळ्यांनी ‘ओहमचा नियम’ पाठ केलेला असतो. तारेतून वीज वाहताना तिला जो अडथळा होतो, त्या रोधाचं माप म्हणजे ओहम. एक व्होल्टचा दाब लावल्यावर एक अँपिअर धारा वाहिली, तर रोध एक ओहम. गणित सुटतं, मार्क मिळतात. शब्द कुठून आला, हे विचारायचं राहून जातं.

मी कवी, यमकं जुळवणारा माणूस. नादाचा मोह काय असतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. जर्मन माणूस या शब्दातला ‘ह’ उच्चारत नाही, तो ‘ओऽम’ म्हणतो. ते ऐकून कुणालाही ओंकार आठवेल. पण नाद जुळला म्हणून नातं जुळत नाही. शब्दाचं घराणं कळायला त्याच्या घरी जावं लागतं.

ते घर जर्मनीतल्या एर्लांगेनचं. तिथल्या एका कुलूपवाल्याच्या पोटी १७८९ साली गेओर्ग ओहम जन्मले. वडील स्वतःच्या बळावर शिकलेले. मुलांना गणित त्यांनीच शिकवलं. ओहम यांनी १८२७ साली आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा मायदेशी त्याचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ साली त्यांना कॉप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ साली, आणि १८५४ साली ते वारले. पुढं १८८१ साली पॅरिसच्या वीज परिषदेत रोधाच्या एककासाठी त्यांचं नाव मान्य झालं. आयुष्यभर ज्याची वाट अडली, त्याचंच नाव अडथळ्याला! दोनच वर्षांनी लॉर्ड केल्व्हिन यांनी गंमत केली. वीज किती सहज वाहते, त्या मापासाठी त्यांनी हीच इंग्रजी अक्षरं उलटी लिहून ‘म्हो’ हा शब्द सुचवला.

पण हे आडनाव मुळात आलं कुठून? उत्तर जर्मनीच्या जुन्या बोलीत ‘ओम’ म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा! प्रमाण जर्मनमध्ये त्याचंच रूप ‘ओहाइम’. वडिलांच्या भावाला वेगळा शब्द होता, ‘फेटर’. मग फ्रेंचमधून ‘ओंकल’ आला आणि मामा-काका दोघांनाही तोच लागू झाला. फेटर आता चुलत-मामेभावाला म्हणतात. ओहाइम जुन्या पुस्तकांत उरला. घरातून गेलेला मामा विजेच्या तारेत मात्र टिकून राहिला.

आणखी एक गंमत पाहा. हा ‘ओंकल’ आणि आपल्या मुलांच्या तोंडचा ‘अंकल’, दोघांचं मूळ लॅटिनमधल्या ‘अव्हुंकुलस’ या शब्दात आहे. त्याचाही अर्थ मामाच! एका मामानं दुसऱ्या मामाला घराबाहेर काढलं, म्हणायचं.

आमच्या दखनी बोलीत मामू वेगळा, चाचा वेगळा. मराठीत मामा वेगळा, काका वेगळा. मामाच्या गावाला जाण्यातलं सुख ‘अंकलच्या गावाला’ म्हटलं की उरत नाही. जर्मनांच्या घरातून हा फरक हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता गेला. म्हणून वाटतं, थोडा रोध जिभेवरही असावा. पोरानं घरच्या माणसाला ‘अंकल’ म्हटलं, तर त्याला प्रेमानं अडवावं आणि विचारावं, “बाळा, आईकडचे की बाबांकडचे?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)